दुरुस्तीनंतर हीटर गार हवा टाकतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी हे बघा

वॉटर पंप बदलला, रेडिएटर नवा टाकला, हेड उतरवून गॅस्केट बसवली किंवा नुसतं कूलंट बदललं. गाडी छान चालतेय, एसी गारेगार आहे, बिलही चुकतं झालं. मग डिसेंबरात मनालीच्या वाटेवर हीटरचा नॉब लाल टोकापर्यंत फिरवावा आणि आतून गार वारा यावा! आपल्याकडे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना एसी सगळे तपासतात, हीटर कुणी लावून बघत नाही. कॅनडात राहणाऱ्याला मात्र तो दुसऱ्याच दिवशी कळतो.

हीटरची गरज नसली तरी या दोषाकडे दुर्लक्ष करू नका. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांत हीटरला स्वतःची अशी उष्णता नसते. इंजिनातून तापून आलेलं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं. गॅरेजच्या भाषेत ती हीटर कॉइल. ब्लोअरची हवा तिच्यावरून जाते आणि गरम होऊन बाहेर येते. म्हणजे दुरुस्तीनंतर हीटर गार झाला असेल, तर बऱ्याचदा कूलंटच नीट फिरत नाहीये आणि त्याची पहिली खबर हीटर देतोय. इलेक्ट्रिक गाड्यांचा मामला वेगळा आहे, त्यांची चर्चा इथे नाही.

आधी काटा, मग पाइप

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा. एसीचं बटण बंद, तापमानाचा नॉब पूर्ण गरम, ब्लोअर एक किंवा दोनवर. एसी बंद ठेवायचं कारण असं की बहुतेक गाड्यांत हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलवरून जाते आणि मग हीटर कॉइलवर येते. एसी चालू राहिला तर निदानात घोळ होतो. समोरच्या काचेचा मोडही लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्या मोडमध्ये एसी आपोआप सुरू होतो.

आता टेंपरेचरचा काटा बघा. काटा नेहमीच्या जागेपेक्षा वर चाललाय आणि हीटर गार आहे, तर तपासणी तिथेच थांबवून इंजिन बंद करा. कूलंट कमी आहे किंवा आत मोठा हवेचा फुगा अडकलाय. काटा नेहमीपेक्षा खालीच रेंगाळतोय आणि हीटर कोमट आहे, तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेवर, संशय घ्या. काटा नेहमीच्या जागी आहे तरीही हवा गार आहे, तर दोष हीटरच्या पाइपांत, कॉइलमध्ये किंवा हवा कॉइलवरून वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपमध्ये शोधायचा.

काट्यावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. त्याच्या टोकाभोवती हवा साचली, तर इंजिन उकळत असताना काटा निवांत पडून राहू शकतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. निळा दिवा इंजिन पूर्ण तापण्याच्या बऱ्याच आधी विझतो, त्यामुळे तो विझला म्हणजे इंजिन तापलं असं धरू नका. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं, ब्लूटूथवर चालणारं ओबीडी यंत्र जवळ असेल तर मोबाइलवर कूलंटचं तापमान थेट वाचता येतं. तापलेल्या इंजिनाचा आकडा साधारण ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान असायला हवा.

मग बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतून शेजारी शेजारी दोन रबरी पाइप आत शिरतात. अंगठ्याएवढ्या जाडीचे असतात. इंजिन तापलेलं असताना दोन्ही आळीपाळीने चाचपा. एक-दोन सेकंदांत हात काढावा लागला, तर पाइप हवा तेवढा गरम आहे. बाही, ओढणी, दुपट्टा पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होऊ शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रबरावरच रोखा. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

दोन्ही पाइप चटका देणारे असतील तर कूलंट कॉइलमधून फिरतंय. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे फ्लॅपमध्ये आहे. एक पाइप चटका देतोय आणि दुसरा गार किंवा कोमट आहे, तर कूलंट कॉइलपर्यंत पोचतंय, पण पलीकडे जात नाहीये: हवा अडकली, कॉइल चोक झाली किंवा (काही गाड्यांत असतो तो) हीटरच्या पाइपवरचा वॉल्व बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट तिथवर पोचतच नाहीये. ही दोन मिनिटांची चाचणी केल्याशिवाय कुणालाही डॅशबोर्ड खोलू देऊ नका. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा बसवला की खडखडला नाही, असं क्वचितच होतं.

सर्वात जास्त वेळा सापडणारं कारण: एअर लॉक

कूलंट काढून पुन्हा भरताना हवा आत राहते. हीटर कॉइल बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या झाकणाइतकी किंवा त्याहून उंच असते, म्हणून ती हवा तिथेच जाऊन बसते. वॉटर पंप पाणी ढकलू शकतो, हवेचा फुगा मात्र त्याला नीट ढकलता येत नाही. ओळखण्याची खूण अशी: आयडलवर हीटर गार, रेस दिली की थोडा गरम, पुन्हा सोडली की गार. डॅशबोर्डमागून झऱ्यासारखा खळखळ आवाज येत असेल तर शंकाच नको. पंपाचे पाते झिजले असतील किंवा शाफ्टवर घसरत असतील तरीही असंच होतं, पण आधी हवा काढा आणि मगच पंपाला दोष द्या.

भरलेल्या कूलंटचा हिशेबही विचारा. छोट्या हॅचबॅकची क्षमता साधारण ४ ते ५ लिटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. सगळं कूलंट काढलं होतं आणि परत जेमतेम ३ लिटर बसलं, तर उरलेल्या जागेत काय आहे याचा विचार करा. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये थोडं जुनं कूलंट राहतं हे खरं, पण एवढा सगळा फरक त्याचाच आहे असं धरून चालू नका.

हवा काढण्याचं काम इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं.

गाडीचं नाक वर करा. चढावर उभी करा किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या, म्हणजे भरायचं तोंड सर्वात उंच येईल. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. नॉब पूर्ण गरमवर ठेवा, कारण ज्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर वॉल्व असतो तिथे तो त्याशिवाय उघडणार नाही. रेडिएटरचं झाकण काढा. रेडिएटरला झाकणच नसेल, नुसती दाबाची प्लॅस्टिक टाकी असेल, तर टाकीचं झाकण काढा. काही गाड्यांत हीटरच्या पाइपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. फोक्सवॅगन-स्कोडापासून रेनोपर्यंत त्याची जागा आणि पद्धत वेगवेगळी आहे, त्यामुळे पुस्तक बघा. स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे न येता सलग धार लागेपर्यंत कूलंट भरा आणि मग आवळा. प्लॅस्टिकचा असतो, जोर केला की तुटतो.

कूलंट अगदी बारीक धारेने ओता आणि मधूनमधून रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पातळी स्थिरावली की इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो. त्या क्षणी पातळी एकदम खाली जाते किंवा गुळगुळ करत वर येते. खाली गेली तर भरा. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबा. इथे एसी चालू राहिला असेल तर फॅन एसीमुळे फिरेल आणि इंजिन तापलं असा गैरसमज होईल. शेवटी रेस २००० ते २५०० वर अर्धा मिनिट धरा. पातळी वर येऊन सांडू लागण्याआधी झाकण लावा. मग शेजारच्या रिझर्व्हर बाटलीत किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये भरा. तोंड थेट झाकणावर धरू नका, चेहरा बाजूला ठेवा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

एवढं करूनही हवा बाहेर येत नसेल, तर गाडी थंड झाल्यावर भिंतीजवळच्या दोन पाइपांपैकी जो वर आहे तो काढा. नरसाळं लावून त्यातून आणि कॉइलच्या नळीतून, दोन्हीकडून कूलंट भरा, मग पाइप लावून क्लिप आवळा. कॉइल आधीच भरलेली असली की हवेला बसायला जागाच उरत नाही. बऱ्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूमने भरायचं यंत्र असतं. आधी सगळी हवा खेचून काढायची आणि त्याच ओढीने कूलंट आत घ्यायचं. त्यात गळतीही लगेच कळते, कारण व्हॅक्यूम टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा. २०० ते ३०० मिलि उतरली तर घाबरू नका, शेवटची हवा बाहेर पडलीय. रोज उतरू लागली तर मात्र गळती शोधा.

आणखी एक, जे सहज नजरेतून सुटतं: रेडिएटरचं झाकण. दुरुस्तीत ते बदललं जात नाही, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. झाकणावर साधारण ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढा दाब ते धरून ठेवतं आणि ०.९ बार दाबाखाली साधं पाणीही साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल, तर लेहसारख्या ३५०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, वाफ होते आणि हीटर पुन्हा गार. थंड होताना हेच झाकण बाटलीतून कूलंट परत ओढून घेतं. ते बिघडलं की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो.

'वॉल्व काढून टाकला, आता गाडी तापणार नाही'

हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि साफ चुकीचा आहे. इंजिन तापतंय अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट (गॅरेजवाल्यांचा 'वॉल्व') उपटून फेकायचा आणि वर रेडिएटर फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे इग्निशन लावलं की फॅन सतत फिरत राहतो. उन्हाळ्यात हे खपून जातं. थंडीत कूलंट पन्नास-साठ अंशांच्या वर चढतच नाही, हीटर कोमट राहतो, इंजिन थंडच समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्त पेट्रोल टाकत राहतो आणि मायलेज घटतो. काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागून पी०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थ कूलंट अपेक्षेइतकं तापत नाहीये.

तपास सोपा आहे. थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप धरून ठेवा. थर्मोस्टॅट त्या बाजूला बसवलेल्या गाड्यांत तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असेल तर हीच परीक्षा खालच्या पाइपावर करा.

नवा टाकायचा असेल तर तो बसवण्याआधी घरीच तपासा. दोऱ्याने पातेल्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, पाणी तापवा आणि थर्मामीटर धरा. त्यावर ८२ असं छापलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी, आणि ९५ अंशांपर्यंत साधारण ८ मिमी उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेला छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला आली पाहिजे. तिच्या भोकातूनच हवा निसटते. पिन खाली गेली तर नवा थर्मोस्टॅटच एअर लॉकचं कारण होतो.

पाइप जोडताना झालेले घोटाळे

हीटर कॉइल गळायला लागली की डॅशबोर्ड खोलण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कॉइल बायपास करणं. काही गॅरेज हे सांगून करतात, काही न सांगता. भिंतीतून येणाऱ्या दोन नळ्या उघड्या दिसतायत आणि पाइप इंजिनाकडेच यू आकारात वळवलेला आहे, तर कोडं सुटलं. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून तेलकट धूसर थर आणि गोडसर वास, ही कॉइल गळत असल्याची लक्षणं आहेत. अशा गाडीची कॉइल न बदलता नुसता बायपास काढला, तर कूलंट थेट पायाशी येईल.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाड्यांचा वेगळा त्रास असतो. गॅसचा दाब उतरवताना रिड्यूसर गार पडतो, म्हणून त्याला हीटरच्याच पाइपातून टी (तीन तोंडांचा जोड) लावून गरम कूलंट देतात. टी चुकीच्या जागी लागली, तर कूलंट सोप्या वाटेने रिड्यूसरमधून परत जातं आणि कॉइल उपाशी राहते. उलट, हवा अडकली तर दोघांनाही फटका बसतो. हीटर गार, गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतेय किंवा जातच नाहीये, आणि रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरतोय, अशी तीन लक्षणं एकत्र दिसली की दुसरं काही न शोधता हवा काढा. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने गॅस देणारं) रिड्यूसरचं तापमान ठरलेल्या आकड्यापर्यंत चढल्याशिवाय गॅस उघडत नाही.

हीटरच्या पाइपवर वॉल्व असेल तर कुणीतरी नॉब फिरवत असताना त्याची लिव्हर हलते का बघा. केबल निसटली असेल तर लिव्हर हाताने सरकवून पाइप तापतो का हे लगेच कळतं.

कॉइल चोक झाली असेल तर

रेडिएटर गळतोय म्हणून आत पावडर किंवा हळद टाकणं, बोअरचं पाणी वर्षानुवर्षं वापरणं, दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळून झालेला गाळ, या सगळ्याचा पहिला बळी हीटर कॉइल असते, कारण तिच्या नळ्या सगळ्यात बारीक. दुरुस्तीच्या वेळी इंजिनातला सुटलेला गंज वाहत जाऊन तिथे अडकतो, म्हणून काल चालू असलेला हीटर आज बंद पडतो.

दोन्ही पाइप भिंतीजवळ सोडा. बाहेर जाणाऱ्या नळीतून, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, बागेच्या पाइपाने पाणी सोडा. दाब अगदी हलका ठेवा. ही व्यवस्था एका बारच्या आसपास दाबासाठी बनलेली असते, सर्व्हिस सेंटरची प्रेशर गन लावली तर ॲल्युमिनियमचा सांधा उघडेल. तपकिरी पाणी स्वच्छ होईपर्यंत दिशा बदलत धुवा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा. ॲसिडचे झटपट उपाय जुन्या कॉइलवर करू नका. गाळ निघतो, पण त्याच गाळाने बुजलेली छिद्रंही उघडतात. दोन वेळा धुऊनही पाणी धड वाहत नसेल तर कॉइल बदलायची, दुसरा इलाज नाही.

भरताना तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश कूलंट असेल तर ही मर्यादा उणे १८ च्या आसपास येते. नुसतं पाणी भरून हिवाळ्यात लडाखला गेलात, तर सकाळी हीटरचे पाइप बर्फाने बुजलेले सापडतील, आणि कॉइल किंवा ब्लॉक फुटला तर हीटर हा सर्वात स्वस्त प्रश्न ठरेल.

पाइप गरम, हवा गार

आता दोष आतल्या फ्लॅपचा. ही झडप हवा कॉइलवरून न्यायची की बाजूने, हे ठरवते. डॅशबोर्ड, ब्लोअर किंवा एसीच्या कूलिंग कॉइलचं काम झालं असेल तर तिच्या केबलची क्लिप नीट बसलेली नसते. नॉब नेहमीपेक्षा हलका फिरतोय, तर केबल सुटलीय. शेवटपर्यंत फिरतच नाहीये, तर केबल वाकलीय किंवा आत काही अडकलंय, कधी पेनाचं टोपण, कधी निखळलेला फोम. ग्लोव्ह बॉक्स काढून किंवा ड्रायव्हरच्या पायाकडून टॉर्च मारली की बहुतेक गाड्यांत लिव्हर दिसते.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये केबलऐवजी छोटी मोटर असते. टकटक आवाज येत असेल तर तिच्या गिअरचा दात तुटलाय. बॅटरी काढून लावली असेल तर काही गाड्यांत मोटरला आपली दोन्ही टोकं पुन्हा शिकवावी लागतात. पद्धत गाडीगणिक वेगळी आहे, कुठे इग्निशन लावून मिनिटभर काही न छेडता थांबायचं, कुठे स्कॅनरच लागतो.

पुन्हा पुन्हा हवा येत असेल तर

नीट हवा काढून दोन दिवसांत हीटर परत गार, टाकीत बुडबुडे थांबत नाहीत, सकाळी थंड गाडी सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो: ही हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून, जळका वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची चिन्हं आहेत. रेडिएटरच्या तोंडावर धरायची रासायनिक चाचणी मिळते. त्यातलं निळं द्रव पिवळं झालं की निदान पक्कं. हेडचं काम नुकतंच झालं असेल तर हेड सपाट करून घेतलं होतं का, आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कवर आवळले होते का, हे गॅरेजला विचारा.

घाटात इंजिन तापू लागलं तर हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात सोडतात. हा उपाय खरा आहे, कॉइल दुसऱ्या रेडिएटरचं काम करते. पण त्या वेळी हीटरमधून गार हवा आली, तर कूलंट संपलेलं आहे असं समजा. पुढचं वळण गाठायच्या नादी न लागता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि झाकणाला तासभर हात लावू नका.

काम झाल्यावर साधा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा. इंजिन तापलेलं, ब्लोअर दोनवर, एसी बंद. ५० अंशांच्या वर आकडा गेला आणि दहा मिनिटं आयडलवर तिथेच टिकला, तर कॉइलमधून कूलंट व्यवस्थित फिरतंय. रेस सोडल्यावर आकडा घसरत गेला तर आत अजून हवा आहे. गाडी थंड होऊ द्या, नाक वर करा आणि पुन्हा भरायला घ्या.